उरलेली बाजू याप्रमाणेच

सुधाकर करंदीकर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण चूक कबूल करायची वेळ आली की त्यांना दाढ उपटून घेतल्यासारखं व्हायचं. पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चौतीस वर्षं त्यांनी ड्राफ्ट्समनचं काम केलं. ज्याची रेघ चुकत नाही त्याला हळूहळू आपलं काहीच चुकत नाही असं वाटायला लागतं, तसं त्यांचं झालं होतं. बायकोला, म्हणजे प्रमोदिनीबाईंना, हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं, कारण त्या त्याच ऑफिसात ट्रेसर होत्या. हे पेन्सिलनं नकाशा काढायचे, त्या त्यावर ट्रेसिंगचा कागद ताणून शाईनं गिरवायच्या. शाईचं काम अवघड. पेन्सिल खोडता येते, शाई खोडता येत नाही. पण नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव पडायचं ते सुधाकररावांचं.

दोन हजार सातच्या सुरुवातीला दोघं परदेशी, ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या पामर्स्टन नॉर्थला मुलीकडे कायमचे राहायला आले. मुलगी निवेदिता तिथे फार्मसिस्ट, जावई नितीश गवतावर आणि गाईंच्या दुधावर संशोधन करणारा, नात इरा आठ वर्षांची. घराच्या मागे अंगणात एक स्वतंत्र खोली होती, तिला तिकडे स्लीपआउट म्हणतात. ती आई-बाबांना मिळाली. खिडकीतून दूर डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायच्या. वारा असा, की पहिल्या महिन्यात सुधाकररावांच्या दोन टोप्या गेल्या.

रिकामं बसणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. म्हणून एप्रिलात त्यांनी ट्रंकेतून ते चित्र बाहेर काढलं.

एकाहत्तर साली सुधाकररावांनी ते पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर सुईसारख्या हत्यारानं कोरून छापलेलं, अडीचशे वर्षांपूर्वीचं, इंग्लंडमधल्या कुणा उमरावाच्या गावाकडच्या हवेलीचं दर्शनी चित्र. अशी चित्रं मोठ्या पुस्तकात दोन पानांवर पसरून छापत. हे पान मधल्या घडीवर फाटलेलं होतं आणि उजवी बाजूच तेवढी उरली होती. सहा खांबांच्या देवडीतले तीन खांब, वरच्या त्रिकोणी माथ्याचा अर्धा त्रिकोण, मग एक बुटका कमानींचा सज्जा, आणि टोकाला पंखासारखी पुढे आलेली एक दुमजली इमारत, म्हणजे पाख. डाव्या बाजूबरोबर मथळाही गेला होता, त्यामुळे घर कुणाचं ते कधीच कळलं नाही.

पण घर कसं असणार हे कळायला मथळा लागतोच कशाला? ही पॅलाडियन पद्धत. इटलीत पॅलाडिओ म्हणून एक आर्किटेक्ट होऊन गेला, त्याचे नियम इंग्लंडच्या बड्या लोकांनी दीडदोनशे वर्षांनी डोक्यावर घेतले. मधोमध मुख्य घर, दोन्हीकडे सारखे सज्जे, दोन्ही टोकांना सारखे पाख. अर्धं कळलं की सगळं कळलं. सुधाकररावांच्या ऑफिसचे मालक बाळासाहेब याच न्यायानं काम करून घेत. इमारत दोन्हीकडे सारखी असेल तर एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी नकाशा, अर्धंच काढायचं, मधे सेंटर लाइन मारायची आणि शेजारी लिहायचं: उरलेली बाजू याप्रमाणेच.

पस्तीस वर्षं दोघं म्हणत आले होते की रिटायर झालो की ही डावी बाजू पुरी करू. आता टेबलावर नवा कागद जोडला होता. सुधाकरराव डिव्हायडरनं उजवीकडचं माप घ्यायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "तेवीस पॉइंट चार." प्रमोदिनीबाई ते डावीकडे खुणावायच्या. पेन्सिलचं जाळं पुरं झालं की शाई त्यांची. कोरीवकामातल्या सावलीच्या त्या केसासारख्या बारीक समांतर रेघा चौसष्टाव्या वर्षी त्या हातानं मारत होत्या, आणि सुधाकरराव मागे उभं राहून बघत असत. बघताना त्यांना अभिमान वाटायचा. तो बोलून दाखवावा असं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी तिकडे राणीच्या वाढदिवसाची सुट्टी असते. जोडून सुट्टी आली म्हणून निवेदिता, नितीश आणि इरा शुक्रवारी दुपारीच ऑकलंडला, माउंट रॉस्किलला मित्राकडे गेले. आणि शुक्रवारी संध्याकाळी नवरा-बायकोचं वाजलं.

भांडणाचं कारण एक खिडकी. उजव्या पाखावरची तिसरी खिडकी सुधाकररावांनी भिंगातून पाहिली, तर ती खोटी निघाली. आत काच नाही, नुसता दगडी कोनाडा. तिच्यामागे जिना असणार, पण बाहेरून रांग मोडू नये म्हणून खिडकीचं सोंग दिलेलं. त्या काळी असं सर्रास करत.

"म्हणजे डावीकडेही खोटीच काढायची," सुधाकरराव म्हणाले.

"का म्हणून?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "जिना इकडे आहे. तिकडे कुणाची तरी खोली असेल. त्या बिचाऱ्याला उजेड नको?"

"चित्रात खोली दिसत नाही. चित्रात खिडकी दिसते."

"मला दिसते खोली. मी तिथे काच दाखवणार आहे."

एवढ्यावर हसून सोडता आलं असतं. पण सुधाकरराव हट्टाला पेटले की आगापिछा बघत नसत. "तू काय दाखवायचं ते मी ठरवणार," ते म्हणाले. "मोजमाप माझं. तुझं काम शाई भरायचं. जन्मभर तेच केलंस, तेच कर."

प्रमोदिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या उठून गेल्या.

आता, नवरा-बायकोच्या अबोल्याचं एक शास्त्र असतं आणि या दोघांचं तर पस्तीस वर्षांत घोटून पक्कं झालेलं होतं. जो आधी बोलेल तो हरला. जेवणखाण बंद होत नाही, फक्त शब्द बंद. घरात तिसरं माणूस असेल तर त्याच्या तोंडून निरोप चालतात. निवेदिता लहानपणी 'आईला सांग' आणि 'बाबांना विचार' करत दोन खोल्यांमधून इतकी धावली होती, की पुढे ती म्हणायची, आपल्या घरात फोनची गरजच नव्हती. एरवी अबोला दीड दिवसात मिटायचा. मिटवायच्या त्या प्रमोदिनीबाईच.

शनिवारी सकाळी सुधाकरराव डेअरीतून, म्हणजे तिकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणि पेपर घेऊन आले, तर बाई टेबलाशी बसून शाई भरत होत्या. चला, गाडी रुळावर येतेय, त्यांना वाटलं. बाई नेहमीच्या खुर्चीत. त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची ही सुधाकररावांची, ऑफिसात असल्यापासूनची. ते तिथे पेपर उघडून बसले. बाईंनी वळून पाहिलं नाही. तासाभरानं त्यांनी पेन ठेवलं आणि समोर बघत म्हटलं, "झालं."

सुधाकररावांनी मान लांब करून पाहिलं. देवडीचे तीन खांब, माथा, सज्ज्याची पहिली कमान. तिथे शाई थांबली होती. पलीकडे सगळा पाख, ती तिसरी खिडकी धरून, नुसत्या पेन्सिलच्या रेघांत कोरा पडला होता.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. झालं म्हणे. म्हणजे खिडकी तुमच्या मनासारखी हवी ना, मग घ्या, उरलेली बाजू याप्रमाणेच. बाळासाहेबांचाच नियम त्यांच्या तोंडावर फेकला होता. टोमणा इतका बेमालूम होता की मनातल्या मनात त्यांनी बाईंना दाद दिली. आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं.

बाई उठल्या, जाताना दारच्या चौकटीवर डावा खांदा आपटून गेल्या. आपटाआपटीही सुरू झाली, सुधाकररावांनी मनाशी नोंदलं.

दुपार झाली तरी बाई पलंगावरच. म्हणजे स्वयंपाकही बंद, हे नवीनच होतं. सुधाकररावांनी स्वतः कुकर लावला, बटाट्याची भाजी केली, आमटी केली. आणि मग, सांगायला त्यांनाच लाज वाटली असती, त्यांनी काकडी चोचवली. दाण्याचं कूट घालून, वरून मिरचीची फोडणी देऊन केलेली काकडीची कोशिंबीर बाईंचा जीव की प्राण. शब्दांनी हरायचं नव्हतं, पण कोशिंबिरीनं थोडं हरायला हरकत नव्हती. ताट त्यांनी रीतसर वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मधे भात.

बाईंनी भाजी संपवली. आमटी संपवली. भाताची उजवी बाजू खाल्ली. कोशिंबिरीला, चटणीला, लिंबाला बोटसुद्धा लावलं नाही, आणि ताट सारून दिलं.

सुधाकररावांना हे फार लागलं. त्यांनी ती कोशिंबीर सिंकपाशी उभं राहून एकट्यानं खाल्ली आणि ठरवलं, आता काही झालं तरी आपण तोंड उघडायचं नाही.

रविवारी पाऊस होता, आणि तिकडे जून म्हणजे ऐन थंडी. बाई हीटरशी खुर्चीत बसल्या होत्या, शाल डाव्या खांद्यावरून घसरून खाली लोळत होती. सुधाकरराव त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर, पेपर घेऊन.  मग बाई उजवीकडच्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो."

सुधाकररावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"अहो, आहात का घरात?"

हातभर अंतरावर नवरा बसलाय आणि ही दाराला विचारते, आहात का. म्हणजे आपण असून नसल्यासारखे. सुधाकररावांनी उत्तरादाखल पेपरचं पान जरा मोठ्यानं उलटलं.

बाईंनी आणखी दोनदा हाक मारली. मग त्या रडायला लागल्या. आवाज न करता, लहान मुलासारखं नाक ओढत.  शब्द सुधाकररावांच्या अगदी ओठांपर्यंत आला होता. पण बायको रडली की आपण विरघळतो हे बायकोला ठाऊक आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो गिळला. उद्या संध्याकाळी निवेदिता येईल, निरोप सुरू होतील, मिटेल. त्यांनी उठून शाल मात्र नीट केली. बाईंनी मान वळवली नाही.

सोमवारी सहाच्या सुमाराला गाडी वाजली. इरा धावत आत आली आणि आजीच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली, "हाय आजी! वी वेंट टु द बीच, इट वॉज हीप्स कोल्ड." आजीनं पाहिलं नाही. "आजी? आय सेड हाय."

निवेदिता दारातच थांबली. तिनं आईच्या ओठाचा डावा कोपरा पाहिला, मांडीवरून घसरून खुर्चीबाहेर लोंबणारा डावा हात पाहिला. पिशवी तशीच खाली टाकून ती गुडघ्यांवर बसली. "आई, माझ्याकडे बघ. हा हात उचल. आई, हा." मग मागे न वळता म्हणाली, "नितीश, ॲम्ब्युलन्स. आत्ता."

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होती. तिनं शांतपणे समजावलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आहे. डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत, बोलणं शाबूत आहे. पण मेंदूच्या लेखी डावीकडचं जग उरलेलं नाही. तिकडे काही आहे, हेच तो विसरला आहे. ताटातलं डावीकडचं अन्न, डावीकडचं माणूस, स्वतःचा डावा हात, सगळंच. आणि आपलं काही हरवलंय हेही अशा माणसाला कळत नाही. तिनं एका कागदावर साधं घर काढलं, एक दार, दोन खिडक्या, कौलारू छप्पर, आणि बाईंना तसंच काढायला सांगितलं. बाईंनी दार काढलं, उजवी खिडकी काढली, छपराचा उजवा उतार काढला. रेघ अजूनही सरळ होती. मग पेन्सिल ठेवून समाधानानं म्हणाल्या, "झालं."

सुधाकररावांनी भिंतीला हात टेकला.

"व्हेन वॉज शी लास्ट वेल?" डॉक्टरनं विचारलं. शेवटचं कधी बरं वाटत होतं?

निवेदितानं वडलांकडे पाहिलं. तिला वाटत होतं, ते म्हणतील आज दुपारी. सुधाकररावांनाही तसं म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"शुक्रवारी रात्री," ते म्हणाले.

डॉक्टरनं लिहून घेतलं. निवेदिताला त्या उत्तराचा अर्थ इतर कुणापेक्षा जास्त कळत होता. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या काही तासांत द्यावं लागतं, दिवसांत नाही.

"बाबा, तीन दिवस?" ती बाहेर आल्यावर म्हणाली. "तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

"सगळं लक्षात आलं होतं," सुधाकरराव म्हणाले. "मला वाटलं, ती रुसलीये."

निवेदितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती या दोघांच्या घरात वाढली होती. तिला आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई आल्या. किया ओरा असा तिकडचा नमस्कार करून त्यांनी सुधाकररावांचा हात हातात घेतला. मोठी प्रेमळ बाई. त्यांनी सांगितलं, घरच्यांनी होता होईल तो पेशंटच्या डाव्या बाजूला बसावं, तिथून बोलावं, हाक मारावी, डावा हात चोळावा. उजवीकडे बसाल तर तिला सोपं जाईल, पण मेंदू आळशी होईल. डावीकडून बोलत राहा. कधी ना कधी ती वळेल.

सुधाकररावांना काम मिळालं. सांगितलेलं काम चोख करणं एवढंच त्यांना आयुष्यात येत होतं. सकाळी आठला ते बाईंच्या डावीकडे खुर्ची ओढून बसायचे आणि संध्याकाळी आठला नितीश न्यायला आला की उठायचे. गार पडलेला डावा हात हातात घ्यायचे आणि बोलायचे. आयुष्यात बोलले नाहीत तेवढं त्या सहा दिवसांत बोलले.

सगळं त्यांनी तिथे सांगितलं. "तू नुसती शाई भरणारी नव्हतीस. तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली होती, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. बाळासाहेब म्हणालेही होते, चौकटीत हिचंही नाव घाला. मीच म्हटलं, नको, पद्धत नाही." हे पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "डावीकडे खोली असेल हे तुझं बरोबर होतं. मला ते सुचलंच नव्हतं, म्हणून मी चिडलो. चुकलं माझं, प्रमोदिनी. तू हाक मारलीस, मी ऐकली. मी तिथेच होतो गं."

रोज तेच, पुन्हा पहिल्यापासून. बाई उजवीकडच्या खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत असायच्या. नर्सशी बोलायच्या, निवेदिताशी बोलायच्या. डावीकडे वळल्या नाहीत.

सातव्या दिवशी दुपारी निवेदिता कामावरून तशीच आली आणि उजव्या बाजूला पलंगावर टेकली. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लेकीचा हात धरला, दाराकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"निवू, बाबांना एक सांगशील?"

"काय गं आई?"

"म्हणावं, सोडा आता अबोला. किती दिवस झाले, एकदा इकडे फिरकले नाहीत. घरातही मी दोन दिवस एकटीच होते, हाका मारल्या, तर बाहेर निघून गेले होते." त्या थांबल्या. "म्हणावं, मी हरले. खिडकी त्यांच्या मनासारखी काढते. पण येऊन बोलायला सांग."

निवेदितानं पलंगापलीकडे पाहिलं. सुधाकरराव डावा हात हातात धरून बसले होते. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं, कारण ते वाक्याच्या मध्यावर होते.

"बाबा," निवेदिता म्हणाली, "इकडे या."

"थेरपिस्ट बाई म्हणाल्यात—"

"असू दे. या."

सुधाकररावांनी तो गार हात अलगद पांघरुणावर ठेवला. पलंगाला पायथ्याकडून वळसा घालायला त्यांना वेळ लागला, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. निवेदिता उठली, त्यांना जागा करून दिली. ते बाईंच्या उजवीकडे आले आणि वाकले.

"अगं बाई," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आलात?" आणि चांगला हात वर करून त्यांनी नवऱ्याच्या गालावरून फिरवला. "दाढी नाही केलीत."

"प्रमोदिनी, चुकलं माझं," सुधाकरराव म्हणाले. पुढचं सहा दिवस घोकलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. "मी तसं बोलायला नको होतं. चुकलं."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ओठाच्या ज्या कोपऱ्याला हसता येत होतं तो हसला.

"एवढं म्हणायला इतके दिवस लागले होय?"

गेले सहा दिवस मी तुझ्या पलीकडच्या बाजूला बसून हेच म्हणतोय, असं सांगणं खरं होतं. निवेदिता साक्षीला उभी होती. सुधाकररावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "लागले खरे."

बाईंचं समाधान झालं. त्या त्यांचा हात धरून झोपल्या. त्यानंतर त्या दोन दिवस जगल्या, आणि ते दोन्ही दिवस सुधाकरराव उजवीकडेच बसले. थेरपिस्ट बाई एकदा डोकावल्या आणि त्यांनी त्यांना तिथेच बसू दिलं.